दोनदा टकटक

३ मार्च
रेडिओ-नियम समितीची पहिलीच बैठक आणि पहिलंच भांडण! टॉवरने सांगितलं, 'पाच हजार फुटांवर थांबा', की वैमानिकाने तेच शब्द परत म्हणून दाखवायचे — आंतरराष्ट्रीय नियम एवढा साधा. आमच्याकडे? माइकचं बटण दोनदा दाबायचं. टकटक. झालं उत्तर! कुणी दाबलं ते देवाला ठाऊक.

वैमानिक संघटनेचे कॅप्टनसाहेब म्हणाले, "बाई, आम्ही काय पोपट आहोत?" सगळे हसले. मीही हसले, आणि दुरुस्तीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

५ मार्च
दादाही त्यांच्याच बाजूने! अठ्ठावीस वर्षं विमान चालवतोय, गेली काही वर्षं रुग्णांची ने-आण करतो. जेवताना म्हणाला, "तुम्हाला टॉवरमध्ये खुर्चीत बसून काय जातंय बोलायला? आमचे दोन्ही हात गुंतलेले असतात." मीही ऐकून घेतलं नाही. शेवटी वहिनी म्हणाली, "ताटं उचलू, की तीपण समितीकडे पाठवू?"

६ मार्च
लिहूनच टाकते. मी एवढी हट्टाला पेटलेय ती तीन वर्षांपूर्वीच्या एका दुपारमुळे. मालवाहू विमानाला मी सांगितलं, पाच हजारांवर थांबा. टकटक आली. मी निर्धास्त. विमान मात्र चढतच गेलं, आणि समोरून येणाऱ्या प्रवासी विमानाच्या खालून गेलं — जेमतेम दोनशे फुटांवरून!

त्याचा वैमानिक चौकशीत रडकुंडीला आला होता. "मला सूचना ऐकूच आली नाही. मी बटण दाबलंच नाही." मी साक्ष दिली — उत्तर आलं होतं. त्याची नोकरी गेली. आता कुठल्याशा गोदामात पेट्या उचलतो म्हणे.

मी खोटं बोलले नव्हते. पण त्याचा तो चेहरा काही जात नाही.

७ मार्च
माघार नाही.

१० मार्च
कॅप्टनसाहेब म्हणाले, "टकटकीने घोटाळा झाल्याचं एक उदाहरण दाखवा, लगेच सही करतो." दाखवते! त्या दुपारची टेप मागवलीय.

१२ मार्च
टेप ऐकली. चौकशीत शेवटचं अर्धं मिनिटच लावलं होतं. मी बरीच आधीपासून लावली. मालवाहूला सूचना देण्याच्या अगदी आधी मी आणखी एका विमानाला उंची दिली होती. दोघांना एका दमात. सूचना दोन — टकटक एकच! पहिलं विमान सांगितल्या उंचीवर थांबलं होतं, म्हणजे ती त्याचीच. मी धरली दुसऱ्याची. तो बिचारा खरंच बोलत होता!

जबाब बदलायचा. उद्याच, समितीसमोर. माझ्या नोकरीवर आलं तर येऊ दे.

आणखी एक. पहिलं विमान रुग्णांचं होतं. त्या दिवशी त्या फेरीवर दादा होता. त्याच्या तर हे गावीही नसेल. सकाळी आधी त्याला सांगते.

१३ मार्च
दादाला टेप ऐकवली. त्याने ती अर्ध्यातच बंद केली. "माझी टकटक तू त्याची धरलीस, ते मला तेव्हाच कळलं होतं."

बैठक अकराला. साक्षीदारांच्या यादीत दोन नावं लिहिली. आधी माझं. मग त्याचं.