हत्याराला हात लावला म्हणून

मी, खाली सही करणार, धंदा सुतारकाम, शिक्षण चौथीपर्यंत, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने लिहीत नाही. धाक आहे तो माझा मलाच. आज माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. बायको म्हणते, "सकाळपासून तरी आहे. लवकर उरका." म्हणून उरकतो.

१. राहते घर, मागच्या कारखान्यासह, बायकोच्या हयातीपर्यंत तिचे. तिच्यामागे मुलाचे. पुढच्या खोलीची खिडकी नीट लागत नाही, ती मुलाने तासून घ्यावी. सुताराच्या घरची खिडकी, लोक हसतात.

२. बँकेतली ठेव बायकोची. त्यातले मेहुण्याला काही देऊ नये. माझ्या थोरल्या भावाच्या मयताला तो सर्वांसमोर म्हणाला, "बरं झालं, सुटलात." खरे होते, पण ते त्याने म्हणायचे नव्हते.

३. आता थोरल्याविषयी. आमच्या घरात वडिलांपासूनची रीत, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावला की मार. वडिलांनी मला रंध्याने बडवले, मी थोरल्याचा दात पाडला, आणि संध्याकाळी एका ताटात जेवलो. त्यामुळे म्हातारपणी थोरल्याने वहिनीच्या डोक्यात हातोडा घातला आणि ती बाई जागीच संपली, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, तिने हत्याराला हात लावला असेल. तिने लावला नव्हता. ती चहा घेऊन आली होती. थोरला तिच्या प्रेताकडे बोट दाखवून विचारत होता, "ही बाई कोण?" आम्हाला वाटले, सोंग करतो. तो कैदेत वारला. त्याचे डोके कोणी तपासले नाही.

४. डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळातून दरवर्षी आमच्या गल्लीच्या पाहणीला येतात. तंबाखू किती, मीठ किती, झोप लागते का, साखर, रक्तदाब, कोणाचा हात थरथरतो, कोण घरची वाट विसरतो. गेल्या खेपेला त्यांनी विचारले, "आजोबा, राग वाढलाय का?"

मी म्हणालो, "वाढायला तो काय दाढी आहे? वडिलोपार्जित आहे, आहे तेवढा आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे मारामारी रोजचीच. मग सवय कुठे संपली आणि आजार कुठे सुरू झाला, हे आम्हाला कळायचं कसं?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी मुलाच्या दंडात पटाशी खुपसली. रक्त भिंतीवर उडाले. मुलगा जखम दाबून म्हणत होता, "चूक माझी, बाबा. पटाशी मी उचलली." त्याने उचलली नव्हती. ती सकाळपासून माझ्याच हातात होती. वहिनी गेली तेव्हा आम्ही जे बोललो, तेच हा स्वतःविषयी बोलत होता.

५. म्हणून मी मेल्यावर माझा मेंदू काढून त्या पाहणीला द्यावा. मुलगा म्हणतो, "बापाला चिरू देणार नाही." अरे, बापाने तुला चिरले त्याचे काय? आजार निघाला, तर उद्या तुझा हात उठेल तेव्हा सूनबाई वेळेत डॉक्टरकडे धावेल. काहीच निघाले नाही, तर मी नुसताच वाईट होतो असे सर्वांना सांगावे. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

६. सगळी हत्यारे आजच शेजारच्या लोहाराकडे ठेवावीत. पुढे ती मुलाची, पण हात कोणीही लावावा. वकील म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. मी मेल्यावर हत्यारे हलवून कोणाचा जीव वाचणार, वकीलसाहेब?

७. यापुढे मी मुलाला बेदखल करणारा कागद केला, तर तो आजाराने केला असे समजावे. माझी खाट मागच्या खोलीत टाकून बाहेरून कडी लावावी. मी दारावर डोके आपटीन, आईबहिणीवरून शिव्या देईन. मग गोड बोलेन, "अगं, आता मी बरा आहे," म्हणेन. आवाज माझाच असेल. कडी काढू नये.

सही: (केली)

साक्षीदार: १. निवृत्त पोस्टमन. यांनी आमच्यासमोर, शुद्धीत सही केली.
२. लोहार, शेजारी. सही समोर केली. कडी बसवून दिली आहे.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ११ मार्च, सोमवार