काचेवरचं गंध

२९ सप्टें., सोम.
नवी बॅच सुरू. आमचा धंदा म्हणजे कत्तलखाना, फक्त फरशी चकचकीत. आधी टाकीत कडक वाफ सोडून आतला प्रत्येक जंतू उकडून मारायचा. मग आपले लाडके जंतू सोडायचे, त्यांना साखर-सोयाबीन भरवायचं, खालून हवा द्यायची, लेकरांसारखं उबेत ठेवायचं. पोटभर एन्झाइम दिलं की त्यांचाही मुडदा. ते एन्झाइम धुण्याच्या पावडरीत जातं, त्यावर गिऱ्हाइकांच्या शर्टाचे डाग निघतात. कुंभिवलीच्या या पुण्यक्षेत्राचा मी शिफ्ट इन्चार्ज.
परवा खंडेनवमी. बाकी कंपन्या यंत्रं बंद ठेवून पूजतात. आमची हवा बंद केली तर लेकरं गुदमरतात. प्लँट मॅनेजर देशमाने (यापुढे नुसतं दे.) म्हणाले, "चालू टाकीचीच पूजा करू. देवाला काय, घुमणारंही चालतं."

१ ऑक्टो., बुध.
क्रमानं लिहितो.
सकाळी पूजा. दे.नी आत बघायच्या काचेवर हे भलंमोठं गंधाचं स्वस्तिक काढलं. प्रेशरच्या काट्यावर झेंडूचा हार. ऑपरेटर मिलिंद, भिसेगावात माझ्याच गल्लीतला, म्हणाला, "साहेब, काच तरी मोकळी ठेवा. फेस दिसला पायजे ना."
"उद्यापर्यंत गंधाला हात लावायचा नाही. तुम्हाला काय कळायचं त्यातलं?"
मिलिंद बौद्ध. एरवी दे. त्याला ‘ए’ म्हणतात. आजचं ‘तुम्हाला’ मानाचं नव्हतं, सगळ्या समाजाला मिळून होतं.
दुपारी जंतू जोमात आले, फेस चढला. वेळीच तेल सोडलं की बसतो. पण दिसेल तर ना. फेस वर जाऊन हवा बाहेर पडायच्या फिल्टरात भरला, फिल्टर तुंबला. खालून हवा येतेच आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह? शिट्टी मारतो म्हणून दे.नी तारेनं आवळायला लावलेला. टाकी घुमायची ती कण्हायला लागली. मिलिंद शिडी चढला, बाहीनं गंध पुसलं, वाकून बघितलं. आणि काच फुटली.
त्याच्या तोंडावर. मी हवा बंद करून वळलो तर तो खाली पडलेला, अंगावर फेस, फेस गुलाबी. बोटांनी डोळा शोधत होता. मी त्याचे हात धरून ठेवले. काच गालातून आरपार

२ ऑक्टो., गुरु. दसरा
डावा डोळा गेला. आज धम्मचक्र दिन. पांढऱ्या कपड्यांत विहारात जायचा होता. पट्ट्या तेवढ्या पांढऱ्या आहेत.
दे.चं निदान : "पुसलं म्हणून फुटली."
म्हटलं, "बाहेर गंध पुसलं हे आतल्या फेसाला कोणी कळवलं?"
हसले नाहीत. हल्ली विनोदाचं कोणाला काही राहिलं नाही.

४ ऑक्टो., शनि.
मिलिंदचा धाकटा भाऊ सुनील गेटवर आला. हातात लोखंडी पाइप. दे. गाडीतून उतरत होते. पहिला फटका काचेला, दुसरा मनगटाला. हाड मोडल्याचा आवाज वाळकं लाकूड मोडल्यासारखा येतो, हे आज कळलं. तिसरा डोक्याला होता, मी मध्ये गेलो. माझा पुढचा दात गेला.
"सर, तुमी कशाला मधी आलात?" असं कळवळून विचारत तो दे.ना लाथा घालतच होता. पोलिसांनी त्याला नेताना रस्त्यातच तुडवला. आज कोणीच कसर ठेवली नाही.

६ ऑक्टो., सोम.
दे.नी केबिनमध्ये बोलावलं. प्लास्टरचा हात गळ्यात.
"तुम्ही एवढंच सांगायचं, मिलिंदच्या हातात पाना होता. पान्यानं काच फुटली. मग मी सुनीलवरची तक्रार मागे घेतो. दवाखान्याचंही कंपनी बघेल."
"आणि मिलिंदची नोकरी?"
"एका डोळ्यानं कोण ऑपरेटर ठेवतो?"
"आणि खरं सांगितलं तर?"
"तर सुनीलला कोण सोडवतो बघू. तुम्हीही दुसरा दात सांभाळा."
संध्याकाळी दवाखान्यात. मिलिंदची बायको वैशाली मला बाहेर घेऊन आली. "भाऊ, पाना होता म्हणा. डोळा काय परत येत नाय. सुनील तरी घरी येईल. सासू जेवत नाय."
आत मिलिंदला ऐकू गेलं असावं. पट्टीखालून म्हणाला, "माझ्या हातात काय नव्हतं, सर. बाही होती. डोळा घेतला, आता वर चूक पण माझीच?"
"तुमी गप पडा हो!" वैशाली ओरडली. नर्सनं तिघांनाही झापलं.

७ ऑक्टो., मंगळ.
पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून लिहितोय. जबाब. डावीकडे वैशाली. उजवीकडे मिलिंद, डॉक्टर नको म्हणत असताना रिक्षा करून आला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, दोघंही माझ्याकडे बघताहेत. समोर दे. उभे, वकिलासोबत चहा पिताहेत. मलाही पाठवला. घेतला नाही.
कोठडीतून सुनीलचा आवाज : "सर, माझं बघू नका! खरं काय ते सांगा!"
"गप रं!" वैशाली. मग फटक्याचा आवाज आला, आणि सुनील गप्प.
मिलिंदनं माझी बाही धरली.
हवालदार दारात आलाय. "चला, कंपनीवाले."