निळी बाटली ओतून टाकली

धाकट्या,

बेसिनवरची निळी बाटली मी ओतून टाकली. तिच्यात अल्कोहोल होतं. केमोने बाबांचं तोंड आतून सोललंय, आणि ते रोज त्याच माउथवॉशने गुळण्या करत होते. डोळ्यांत पाणी यायचं, तरी मला म्हणाले, "त्याला सांगू नकोस गं, हौसेनं आणलंय पोरानं."

तुझी चूक नाही. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आता फक्त कोमट पाणी, त्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा. झोंबतंय का, असं विचारू नकोस. "छान आहे" म्हणतील. चेहऱ्याकडे बघ.

मी दवाखान्यात चाललेय. डॉक्टरांनी मला एकटीलाच बोलावलंय. परत आल्यावर बाबांसमोर मला काही विचारू नकोस.

ताई