न दुखणारा तळवा

प्रिय ठमूबाई,

माझा उजवा पाय ठीक आहे, असे परवा फोनवर सांगितले. ते विधान अपुरे होते. अंगठ्यामागच्या उंचवट्याखाली, तळव्याला, जखम झाली आहे. ती भरते आहे. डॉक्टर म्हणतात, या खेपेला अंगठा वाचेल. पुढची जखम वेळेत दिसली नाही, तर खात्री नाही. तेव्हा आधी हवे तेवढे घाबरून घे आणि मग पुढे वाच.

झाले असे, की बुटाच्या तळातून एक खिळा वर आला होता. तो बूट घालून मी वाचनालयात गेलो, ग्रंथपालाशी नेहमीचा वाद घातला, सावकाश घरी आलो. बूट काढून खोलीत फिरलो, तर फरशीवर तांबडे डाग. मी शेजारच्या काकूंच्या मांजरावर ठपका ठेवला आणि त्यांना तसे जाऊन ऐकवलेही. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले आणि म्हणाल्या, अहो सर, आमचं मांजर मोजे घालत नाही हो.

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाचा युक्तिवाद पाहा: जखम असेल तर वेदना होते, वेदना नाही, म्हणून जखम नाही. मांडणी निर्दोष, आधारवाक्यच खोटे. मधुमेहाने तळव्याच्या नसा केव्हाच मुक्या करून टाकल्या आहेत. पायाखाली खडी आहे की गालिचा, हे मला आता डोळ्यांनी ठरवावे लागते.

याच पायावर तू फिजिओथेरपीचा अभ्यास केलास. मी स्टुलावर पाय ठेवून पेपर तपासायचो आणि तू बॉलपेनने त्यावर सव्वीस हाडे काढायचीस. बाबा, बोटं वर घ्या, आता घोटा आत वळवा, अहो गुडघा नाही, घोटा. तुझी आई दारातून म्हणायची, कॉलेजात कुणाचं म्हणून ऐकत नाहीत, इथे बघा कसे वळताहेत. तळव्याची कमान बसली आहे, असा निकाल तू दिलास तेव्हा मी पुरावा मागितला. तू मला ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर उभे केलेस. ठसा विटेसारखा भरीव उमटला. आतल्या बाजूला दिसायला हवी ती खोबण नव्हतीच. फरशीशी काय वाद घालणार? मग तू बुटात घालायला उंचवट्याचा आधार कापून दिलास आणि माझी टाचदुखी थांबली.

आता रोज दोन्ही तळवे तपासायचे, असा डॉक्टरांचा नियम आहे. मला वाकवत नाही. जमिनीवर आरसा ठेवून पाहिला. त्यात छत स्वच्छ दिसते. काकू म्हणाल्या, मी बघत जाईन, त्यात काय एवढं. पण त्यांच्यापुढे मोजा काढायला माझा हात होईना. तुझी आई गेल्यापासून तू मला तुझ्याकडे राहायला बोलावते आहेस आणि मी दर वेळी कारणे क्रमवार मांडून नकार देतो आहे. काल ती सारी पुन्हा तपासली. तुझे घर लहान, माझी पुस्तके फार, जावईबापूंचा रेडिओ मोठा. एकही कारण खोटे ठरले नाही. मात्र त्यांतून 'येत नाही' हा निष्कर्ष निघत नाही, हे मला फार उशिरा दिसले. मला यायचे आहे. झोपायला कुठेही जागा दे. फक्त सकाळी कामावर निघण्याआधी माझे तळवे पाहत जा.

तुझाच, बांधाबांध सुरू केलेला,
बाबा