दोघांपुरती गाडी

बेडसे,
७ जानेवारी २०२५

प्रिय कस्तुरे हिस,
हिराचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र प्रदीपच्या दुधाच्या टेम्पोतनं धाडतीय. काल फोन केलता, पर तू गॅसवाला का, गॅसवाला का एवढंच इचारत ऱ्हायलीस. तुझ्या कानातलं ते यंत्र शिट्टी मारतं अन् तू मलाच शिट्टी मारू नको म्हणतीस. त्यापरीस पत्र बरं. शाळंत माझं अक्षर तुझ्यापरीस चांगलं हुतं, त्याची बी आठवण ऱ्हाईल.

हिकडं समदं ठीक. पावटा चांगला आलाय, तुझ्यासाठी शेंगा ठेवल्यात.

आता मुद्द्याचं. आमच्या ह्यांची लाल गाडी तुला ठाव हायच. खंडाळ्याच्या बंगल्यावर डायवरकी करण्यात ह्यांचा जलम गेला, अन् मालक बंगला इकून निघाले तवा गाडी ह्यांनाच देऊन गेले. दिसाया चपलीच्या खोक्यावानी, पर इंजिन मोठं. घाटात भल्याभल्यांना मागं टाकायचे अन् घरी येऊन मला सांगायचे, लोकं आपणहून वाट देत्यात. हे गेल्यापास्नं ती गोठ्यात झाकून ठेवलीवती. आता आमच्या प्रज्ञेशची अनघा ती घेऊन गेलीय, तुझ्या संदेशच्या गॅरेजात. नात माझी, नातू तुझा, गाडी माझी. म्हणून तुलाच इचारते, तितं चाललंय काय?

रविवारी अनघा आली अन् गाडीतनं काढलेलं समदं माझ्या पडवीत रचून गेली. मागची सीट, खालचे गालिचे, स्टेपनी, जॅक, गाणी लावायचा डबा. इचारलं तर म्हणती, आज्जी, वजन कमी करतीय. मी म्हणलं, गाडीला शुगर झालीय का. हसली अन् निघून गेली. त्या सीटवर आता मांजर झोपतं. दुपारची मी बी बसते, फकस्त ती पुढं जात न्हाई.

प्रज्ञेश कवापास्नं म्हणतोय, म्हातारी गाडी, भंगारात घाला. मला वाटतंय बापाचं ऐकून पोरगी ती थोडी थोडी मोडतीय, म्हंजी मला एकदम कळू न्हाई. तुझं घर गॅरेजच्या वरच्या अंगाला, चढावरच हाय. कान गेले, डोळे तर हायत. खिडकीतनं बघ अन् कळव.

घरात समद्यांना जय भीम, रामराम, ज्याला जे पचंल ते सांग. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ दे.

तुझी,
हिरा


तुंगार्ली,
१४ जानेवारी

प्रिय हिरा हिस,
कस्तुराचा स. न. वि. वि.

तिळगूळ प्रदीपकडं दिलाय. त्यानं वाटंत खाल्ला नसंल तर मिळंल.

तू सांगितलंस म्हणून खिडकीत खुर्ची टाकून बसले. सून इचारती, आई, ऊन खाताय का. व्हय म्हणलं.

गाडी भंगारात जात न्हाई, एवढं मी शपथेवर सांगते. चारी टायर नवे घातलेत. भंगाराला कोण नवे टायर घालतं? ब्रेकचं जुनं तेल काढलं, ते उकळून उकळून काळ्या झालेल्या चहावानी हुतं. नवं घातलं मधासारखं. मी खाली जाऊन संदेशला इचारलं, तर तो माझ्या कानात वरडला की जुनं तेल पाणी धरतं, ब्रेक लय तापला की ते उकळतं, मग पाय दाबला तरी गाडी थांबत न्हाई. म्हणून ब्रेकच्या पट्ट्या बी नव्या. मी म्हणलं, एवढं तापवायचंच कशाला. तर म्हणाला, तेच तर करायचंय. मला काय कळलं न्हाई.

अजून ऐक. गाडीच्या तोंडाला एक लोखंडी कडी बसवलीय, बैलाच्या वेसणीसारखी. कुटं रुतली तर वढून काढायला म्हणं. अन् फळीवर दोन नवी हेल्मेट. मोटारीत बसून हेल्मेट कशाला, हिरे? छप्पर काढणार हायत का?

अनघा चाकापाशी बसली की हातातलं चांदीचं कडं काढून खिळ्याला अडकवती. परवा इसरून गेली. माझ्याकडं जपून ठेवलंय.

दोघांना इचारलं, हे समदं कशासाठी, तर दोघांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं. एकदमच, बरं का.

लोभात काटकसर करू नको.

तुझी,
कस्तुरा


बेडसे,
२० जानेवारी

प्रिय कस्तुरे हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तिळगूळ मिळाला. प्रदीपनं थोडाच खाल्लाय.

खाली बस अन् मग वाच. काल अनघा आलती. मला म्हणाली, आज्जी, नऊ तारखेला, रविवारी, मी अन् संदेश सकाळी सकाळी गाडी घेऊन निघणार, आबांची गाडी हाय म्हणून तुला सांगतीय, पर पप्पांना सांगू नको. कुटं ते इचारलं तर म्हणाली, आल्यावर सांगते.

मग मी त्या मागच्या सीटवर बसून इचार केला. मागची सीट काढली, म्हंजी दोघांनीच जायचं. हेल्मेट दोन, म्हंजी वळखू येऊ नये. टायर नवे, ब्रेक नवे, म्हंजी घाटातनं लांब जायचं अन् जोरात जायचं. कडी बसवली, म्हंजी आडरानात रुतले तरी माघारी यायचं न्हाई. अन् बापापास्नं लपवायचं. कस्तुरे, पोरं पळून जात्यात.

मी आदी लय हसले. म्हणलं, ह्या वयात आपण येहिणी होणार. लगीन तुमच्या भटजीनं लावायचं का आमच्या भन्तेजींनी, त्यावर आपली भांडणं होणार. तुझ्या मानपानाच्या साडीला मी नावं ठेवणार. मांजर सुद्धा उठून गेलं माझं हसणं ऐकून.

मग हसू थांबलं. शाळंत तुझी आय तुला माझ्या डब्यातलं खाऊ देत न्हवती अन् तू माझ्या आदी माझा डबा उघडायचीस. म्हणून तुला इचाराया मला कवा भ्या वाटलं न्हाई. पर आता डब्याची गोष्ट न्हाई, घराची हाय. तुझा लेक इठ्ठल, तुझी सून, त्यांचे पाव्हणे. माझी नात तुमच्या उंबऱ्यातनं आत आली तर तुला चालंल का? खरं सांग. मस्करीत उत्तर देऊ नको, मस्करी माझ्याकडं हाय.

अन् तिचं कडं प्रदीपकडं दे. पोरगी हुडकतीय.

लोभाचं तू ठरव.

तुझी,
हिरा


तुंगार्ली,
२७ जानेवारी

हिरा हिस,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. घरात बोलणं चाललंय. कडं आत्ता धाडत न्हाई. मग लिहीन.

कस्तुरा


बेडसे,
४ फेब्रुवारी

कस्तुराबाईंना,
जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. मागच्या बाजूला काय लिहिलंय का म्हणून उलटं करून बी बघितलं. त्यापरीस लाईटबिलावर जास्त मजकूर असतो.

मला काय उमजंना. बोलणं चाललंय म्हंजी काय चाललंय? इठ्ठल रागावलाय का तू? अन् कडं का धाडत न्हाईस? पोरीचं कडं ठेवून घ्यायला तिनं तुमचं काय घेतलंय? चार दिस मी प्रदीपच्या टेम्पोची वाट बघितली. त्यानं दूध घेतलं, शेण चुकवत गेला, चिठ्ठी काय दिली न्हाई.

प्रज्ञेशला मी सांगितलं न्हाई. तो रेल्वेत हाय, सिग्नल दिसला की लाल करतो. पोरीला बी अडवणार न्हाई, ती शिकलीय, कमावती हाय. पर माझ्या माघारी लगीन लागू देणार न्हाई. नऊ तारखेला शेजारच्या कैलासची जीप सांगितलीय. ते पुढं, मी मागं. येणार असशील तर कामशेतच्या चौकात उभी ऱ्हा. न्हाई आलीस तर मी समजायचं ते समजंन.

पोरांचं पोरं बघतील. माझं काय, ते मला कळंना. घास आदी कुणी खायचा म्हणून जिच्याशी भांडले, तशी दुसरी मैत्रीण आता मी कुटनं आणू?

लोभ असंल तर कळव.

हिरा


बेडसे,
१० फेब्रुवारी

कस्तुराबाईंना,
जय भीम. वि. वि.

चौकात तू न्हवतीस. कैलासला मी म्हणलं, थांब जरा. थांबला. मग जा म्हणलं.

काय झालं ते तुझ्या नातवानं सांगितलं असंल, पर त्याला सांगता येत न्हाई, म्हणून मी सांगते.

लाल गाडी तळेगावच्या पलीकडं एका माळावर गेली. आत डांबरी रस्ता, वळणावळणाचा, अन् तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या. मी मांडव हुडकत हुते. एका पिवळ्या जाकिटवाल्याला इचारलं, लगीन कुटं हाय. तो म्हणाला, मावशी, लॉन्स पुढच्या फाट्याला. अनघाच्या गाडीला एक माणूस चाकं धरून हलवत हुता, डिकी उघडून आत काय सुटं ऱ्हायलंय का बघत हुता. मला वाटलं पोलीस.

मग पोरीनं हेल्मेट घातलं अन् गाडी सुटली. संदेश मागंच ऱ्हायला. मी कैलासला म्हणलं, सोड जीप, नवरदेव इसरून चाललीय. पिवळ्या जाकिटानं जीप अडवली. मी त्याच्याशी भांडतीय, तवर लाल गाडी दुसऱ्या अंगानं हजर. मला हात केला अन् पुन्हा गेली. पुन्हा आली. कस्तुरे, पळून जाणारी माणसं इतक्या लवकर माघारी येत न्हाईत, अन् सारखी तर येतच न्हाईत.

मग संदेशनं बसवून सांगितलं. ही जोरात गाडी चालवायची शिकवणी. रस्त्यावर नको, घाटात नको, हितं बंद जाग्यात. नवशिक्यांचा दिवस. दुसरं हेल्मेट बाजूला बसणाऱ्या मास्तरणीचं, ज्योत्स्ना म्हणून हायत, त्या ब्रेक कवा दाबायचा ते सांगत्यात. मागची सीट काढली ती वजनासाठीच. ब्रेकचं तेल बी त्यासाठीच. पोरगी खरंच सांगत हुती अन् मी तिचं लगीन लावून मोकळी झालते.

गाडी तापून आली तर हँडब्रेक लावत न्हाईत, म्हणं ब्रेक चिकटतो. म्हणून चाकाखाली दगड ठेवायचं काम मला दिलं. शेवटची फेरी सावकाश मारायची असती, ब्रेक गार व्हायला. त्या फेरीला पदरावर हेल्मेट घालून मी बाजूला बसले. सावकाश म्हणं. कस्तुरे, वळणावर पोट एकीकडं अन् मी दुसरीकडं. ह्यांना लोकं आपणहून वाट देत न्हवती, हे मला काल कळलं.

घरी येताना अनघाला इचारलं, मला वाटलेलं तसं काय न्हाईच का. ती इतकी हसली, की गाडी बाजूला घ्यावी लागली. पर मी हे माळावर संदेशला इचारलं हुतं, तवा तो हसला न्हाई. लाल झाला, अन् आत्ताच बघितलेली टायरची हवा पुन्हा बघाया लागला. काय समजायचं ते समज. मी आता समजायचं सोडलंय.

तर पळालं कुणी न्हाई. तुला आता काय ठरवायची गरज न्हाई. पर मी इचारलं हुतं, त्याचं उत्तर अजून आलं न्हाई.

पावट्याच्या शेंगा धाडतीय. त्यांचा काय गुन्हा न्हाई.

हिरा


तुंगार्ली,
१३ फेब्रुवारी

माझी प्रिय हिरा हिस,
कस्तुराचा स. न. वि. वि.

शेंगा गोड हायत. तू जरा कडू झालीस, पर चूक माझी हाय. मला तुझ्यासारखं लिहिता येत न्हाई अन् अर्धवट लिहायचं न्हवतं.

तुझं पत्र वाचलं अन् मी इठ्ठलला समोर बसवलं. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी कानातलं यंत्र काढून ठेवलं. म्हणलं, आता बोल काय बोलायचं ते. आठ दिस तो बोलत हुता अन् मी पोळ्या लाटत हुते. शेवटी यंत्र घातलं तवा तो इचारत हुता, आई, मग पोरीला साडी कुठल्या रंगाची घ्यायची.

कडं मी कासाराकडं नेलंवतं, मापाला. हिरवा चुडा सांगितला. त्यानं बांगड्या मागवल्या अन् कडं बांगड्या येईस्तवर ठेवून घेतलं. तुला कसं धाडणार?

नऊ तारखेला चौकात कशी येणार हुते? पोरं लगीन लावून घरी आली तर दारात कुणी तरी नको का? सकाळपास्नं ताट करून बसलेवते. उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं, सुनंनं पायानं ओलांडायला. दिवस मावळताना संदेश आला. एकटाच, तोंडावर काजळी, गाडीचा काढलेला जुना टायर ढकलत. त्यो टायर त्याच्या हातनं सुटला, सरळ आला, माप उलटवलं अन् देवघरापर्यंत गेला. शास्त्रानं बघितलं तर आता तोच आमची सून. इठ्ठलनं टायर कोपऱ्यात उभा केलाय अन् येताजाता हसतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला यायचं न्हाई. तांदूळ गोळा करून पुन्हा मापात भरलेत. चुडा कासाराला माघारी दिला न्हाई. कडं ह्या पत्रासंगट धाडतीय, कारण माप आता मला पाठ हाय.

लोभ तुझ्याकडं जेवढा उरलाय तेवढा घेऊन रविवारी ये. डबा आण. आदी मी उघडणार.

तुझी,
कस्तुरा