मागच्या खोलीतला पियानो

शनिवार, २१ मार्च. वॉटफर्ड, इंग्लंड. संध्याकाळ.

अजून डोकं तापलेलंच आहे. आम्ही मायलेकींनी पियानोच्या दुकानात पाऊल टाकलं, तर तो सेल्समन काही विचारायच्या आधीच म्हणाला, "सेकंड हँड ग्रँड पियानो मागच्या खोलीत आहेत." आमच्याकडे नुसतं बघून कळलं वाटतं त्याला! आमच्या मागून आलेल्या गोऱ्या जोडप्याला मात्र हसून विचारलं, "नवीन बघायचाय की वापरलेला?"

आणि खरं सांगायचं तर मागच्या खोलीतला तो जुना पियानो अप्रतिम होता. मधल्या पट्ट्या पिवळट पडलेल्या, पण तन्वीने हात ठेवला आणि आवाज असा भरून आला की दोन मिनिटं मी राग विसरले. मग बाबा आठवले. गावातल्या लोकांचे उतरलेले कपडे घालून शाळेत गेलेले बाबा. "आपल्या घरात कुणाचं उतरलेलं येणार नाही," हे त्यांनी पुढे आयुष्यभर पाळलं. मी तरातरा पुढे आले आणि नवीन पियानोची ऑर्डर देऊन टाकली. सेल्समनचं तोंड बघण्यासारखं झालं. बरं झालं!

बरं झालं ना? त्याने आधी नवीन दाखवला असता, तर मी तो पिवळट पट्ट्यांचाच घेतला असता.

गाडीत घराजवळ आल्यावर तन्वी म्हणाली, "आई, मला तो जुना हवा होता. वाजवणार मी आहे ना? तू मला विचारलं पण नाही."

त्या माणसाला मी दुपारपासून शिव्या घालतेय. कशाबद्दल? त्याने विचारलं नाही म्हणून.