दुसरं अपेंडिक्स

४ डिसेंबर
पाटणला पोचले! हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकीतून पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. दाराशी माझ्या नावाची पाटी आधीच लागलेली, ‘डॉ. संयोगिता, जनरल सर्जन’. आईला फोटो पाठवला. भूल देणारे डॉ. मुजीब वयाने मोठे, मवाळ. म्हणाले, इथं सर्जन टिकत नाही, तुम्ही टिका. जेवणाचा डबा गरम, आमटी जाळ. मला हे गाव आवडणार.

९ डिसेंबर
इथलं पहिलं ऑपरेशन. हरणाबाई, पासष्टीच्या, कोयनेपलीकडच्या वाडीतल्या. उजव्या कुशीत दुखत होतं, सोनोग्राफीत सूज. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं. अपेक्षेपेक्षा कमी सुजलेलं निघालं, पण काम स्वच्छ झालं. मुलगा साईराज फौजेत, सुट्टीवर आलेला. त्याला बरणीतला तुकडा दाखवला तेव्हा त्याने मला चक्क सॅल्यूट ठोकला.

११ डिसेंबर
राउंडला हरणाबाई म्हणाल्या, “बाई, दुखणं त्येच हाय. आत अजून हाय कायतरी.”
मी सगळ्या सिस्टरांसमोर हसले. “आजी, काढलेलं अपेंडिक्स परत उगवत नाही.”
सिस्टरही हसल्या. हरणाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. बाहेर आल्यावर मुजीबभाईंनी सीटी स्कॅन करू या का, असं हळूच विचारलं. मी गरज नाही म्हणाले. आल्या आल्या स्वतःच्याच हातावर शंका घ्यायची?

१३ डिसेंबर
हरणाबाईंचं पोट फळीसारखं कडक, ताप, नाडी धावतेय. परत उघडलं. मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं दुसरं अपेंडिक्स, फुटलेलं. सगळीकडे पू. माणसाला क्वचित दोन असतात, लाखात चार-पाच जणांना. पुस्तकात एक ओळ होती आणि ती मी वाचली होती. परवा स्कॅन केला असता तर…
कराडला हलवायच्या आत गेल्या.
साईराजला मी सांगितलं की जंतुसंसर्ग पसरला. त्याने हात जोडले. “तुमी लय धडपडलात, डॉक्टर.” मला त्याच्याकडे बघवेना. मुजीबभाई भिंतीकडे बघत उभे होते.

१९ डिसेंबर
आज ओपीडीत एकेक पेशंट पुढे सरकत होता. बाकड्याच्या टोकाला एक बाई, पदर तोंडावर, हात उजव्या कुशीवर. तिची पाळी आली तेव्हा बाकडं रिकामं. सिस्टर म्हणाली, तिथं कुणी बसलंच नव्हतं.

२१ डिसेंबर
ती वॉर्डातही होती. मी तपासत असलेल्या पेशंटच्या पलीकडे उभी. आवाज मात्र पेशंटच्या पोटातून आला. अजून हाय.
कुणाला सांगू? सांगायचं तर हरणाबाईंपासून सांगावं लागेल.

२४ डिसेंबर
धनाजी, टेम्पो चालवतात, चाळिशीचे. अपेंडिक्सच. काढलं, वीस मिनिटांत. संपलं होतं. पण ती टेबलाच्या पायथ्याशी आली. अजून हाय. मी आतडं उचललं, मागे गेले, खोल गेले. मुजीबभाई म्हणाले, “मॅडम, तिथं काही नाही. बाहेर या.” पण मला दिसलं. दुसरं. बारीक, लांब, फिकट. कापलं.
ट्रेमध्ये दोन होती. ती बाई निघून गेली.
इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

२५ डिसेंबर
मुजीबभाई बरणी घेऊन खोलीत आले. म्हणाले, नीट बघा. मला अपेंडिक्सच दिसलं. त्यांनी बरणी दिव्यासमोर धरली. मग परत पाहिलं. एका टोकाला बंद असायला हवं होतं. नाही. आरपार पोकळ नळी.
धनाजींच्या पोटातल्या ड्रेनच्या नळीतून पिवळं पाणी येतंय. भरपूर. वास लघवीचा.
किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी. तिथूनच जाते. मी ती—

२५, दुपार
सांगलीला तज्ज्ञ आहेत, नळी दुरुस्त होते, आज पाठवलं तर किडनी वाचेल. मुजीबभाईंनी गाडी सांगून ठेवली. फक्त घरच्यांना कारण सांगायचं. मी वॉर्डात गेले. चंद्राबाई, त्यांची बायको, पाया पडायला वाकल्या. “बाई, तुमच्यामुळं माझं कुंकू ऱ्हायलं.”
मी तोंड उघडलं. म्हणाले, सगळं छान आहे.
माझंच तोंड.

२६
ताप. धनाजींचं पोट फुगतंय. परत गेले. परत तेच म्हणाले— छान आहे— चंद्राबाईंनी मला खोबऱ्याची वडी दिली. खाल्ली. त्यांच्यासमोर उभी राहून खाल्ली.
ती आता येत नाही. कुठेच नाही. बाकडं रिकामं, वॉर्ड रिकामा. ती होती तेव्हा निदान एकटी नव्हते—

२६, संध्याकाळ
मुजीबभाई म्हणाले, तुम्ही नाही तर मी सांगतो. मी पाय धरले त्यांचे. थोडा वेळ द्या. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, माझ्यासमोर रडला.
धनाजी बरळतायत. गाडी खाली उभी आहे.
दारावर टकटक. चंद्राबाई. “बाई, ह्यास्नी काय झालंय? खरं सांगा. म्या घाबरत न्हाई.”
त्या दाराबाहेरच उभ्या आहेत. आतून कडी आहे. त्यांचा श्वास ऐकू येतोय. आधी इथं लिहिते, म्हणजे तोंडाला बदलता येणार नाही. उघडते आणि सांगते. चंद्राबाई, तुमच्या नवऱ्याच्या पोटातून मी काढलं ते—
ते—
“बाई?”
पेनही पुढे सरकत नाही. मी—